आगाऊ आभार

चर्चमध्ये पाळकांनी माझ्या किडनीबद्दल देवाचे आभार मानले तेव्हा मी डोळे मिटून एका कवळीचा विचार करत होते. प्रार्थनेत असले विचार करू नयेत हे मला कळतं. पण पाळकांची रविवारची मोठी प्रार्थना फार लांबते. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले, घर शोधणारे असे सगळे होईपर्यंत माझं मन उठून कामाच्या टेबलाशी जाऊन बसतं. मी कवळ्या बनवते. एका आजोबांचा खालचा जबडा पार झिजला होता आणि त्यावर कवळी धरणार कशी, या काळजीत मी होते. तेवढ्यात माझ्या भावाचं नाव ऐकू आलं आणि त्याला लागूनच माझं. "आणि प्रभू, आमच्या या बहिणीसाठी तुझे आभार मानतो. तुझ्याच प्रीतीचा कित्ता गिरवत तिने आपल्या भावासाठी आपल्या देहाचा भाग अर्पण केला आहे." केला आहे! सगळी मंडळी आमेन म्हणाली. शेजारी बसलेल्या आईने तर इतक्या जोरात म्हटलं की पुढच्या बाकावरचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. मी डोळे उघडले. सगळ्यांच्या माना वाकलेल्या, पापण्या मिटलेल्या, आणि मी एकटीच टक्क जागी. हात आपोआप कमरेकडे गेला, गर्दीत पर्स चाचपावी तसा.

भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या वर्षी निकामी झाल्या. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा आहे तो, शाळेत गणित शिकवतो. आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन मशीनला लागतो. अंगातलं रक्त नळीतून बाहेर जातं आणि धुऊन परत येतं. मशीनवर माणूस जगतो, पण ते जगणं कसलं, घोट घोट पाणी मोजून प्यायचं. आईचं वय झालेलं, भावजयीला मधुमेह, मुलं शाळकरी. "घरातल्या सगळ्यांचं रक्त एकदा तपासून ठेवूया," असं भावजय म्हणाली म्हणून मीही दिलं. बाही वर केली, मूठ आवळली, झालं. त्या रविवारच्या दोनच दिवस आधी, शुक्रवारी, तिचा फोन आला, "ताई, जुळलं! तुमचं जुळलं!" बिचारी हुंदके देत होती. मी म्हटलं, "अगं, रडू नकोस." बस, एवढंच बोलले मी. माझ्या त्या "रडू नकोस"ला पाय फुटले. तिच्याकडून ते आईकडे गेलं, आईकडून पाळकांच्या बायकोकडे आणि तिथून थेट देवाच्या कानावर. अरे, रक्त तपासायला दिलं म्हणजे किडनी दिली असं होतं का? दुकानात कापड हातात घेऊन बघितलं म्हणजे ते आपल्याला शिवून घातलं असं होतं का?

आमच्या मंडळीत एक पद्धत आहे, बाहेरच्यांना चमत्कारिक वाटेल अशी. आम्ही देवाकडे मागत नाही, आधीच आभार मानतो. मागताना मनात शंका राहते, आभार मानले की शंकेला जागाच उरत नाही, असं आम्हाला बाळपणापासून शिकवलेलं. नोकरी लागायच्या आधी नोकरीबद्दल आभार, मूल व्हायच्या आधी मुलाबद्दल. आमच्यातला एक शिंपी कित्येक वर्षं आपल्या मुलाची दारू सुटल्याबद्दल आभार मानतो आहे, आणि तो मुलगा बाहेर फाटकाशी झोकांड्या खात बापाची वाट बघत असतो. याला आम्ही विश्वास म्हणतो, आणि खोटं कशाला सांगू, मी कधी या पद्धतीला हसलेले नाही. देवाच्या बाबतीत चालून जातं ते. त्याचे खांदे मोठे आहेत, तो काय ते बघून घेतो. पण त्या रविवारी आभारांची दोरी देवाला सोडून एका माणसाच्या गळ्यात येऊन पडली, आणि तो गळा नेमका माझा होता.

उपासना संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर मला सगळ्यांनी घेरलं. एकीने मिठी मारली, एकीने दोन्ही हात हातात घेतले आणि सोडेचना. एक म्हातारी, जिच्या दोन्ही कवळ्या मीच केल्या आहेत, माझ्याच दातांनी मला म्हणाली, "तुझ्यात आज मला प्रभू दिसला गं बाई." मी काय केलं? हसले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, स्वतःचं कमावते, स्वतःच्या दोन खोल्यांत राहते, आणि दातखीळ बसल्यासारखी उभी राहून सगळ्यांना हसून दाखवते. आतून असा संताप उसळत होता की वाटलं, एकेकाला धरून गदागदा हलवावं आणि विचारावं, तुम्हाला माझ्यात तो दिसला, मग मी कुठे गेले? मला कोणी बघितलं का कुठे? लांब फाटकाजवळ भाऊ उभा होता. पिवळट चेहरा, सुजलेले पाय चपलेत कसेबसे कोंबलेले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. शुक्रवारपासून त्याने फोनही केला नव्हता. हा पण त्यांच्यातलाच, मी मनात म्हटलं, हा तोंड बंद ठेवून वाढलेलं ताट ओढून घेणार, लहानपणापासून घेत आलाय तसं.

आमच्या घराला हे काही नवीन नाही. पप्पा बॅटरीच्या कारखान्यात होते. शिशाची धूळ खाऊन खाऊन त्यांचे हात थरथरायला लागले, हिरड्या काळ्यानिळ्या झाल्या, पोटात कळा यायच्या आणि ते भिंतीला पाठ लावून बसून राहायचे. आईने तेव्हाही ते बरे झाल्याबद्दल आभार मानले होते, रोज, संध्याकाळी, आम्हा दोघांना शेजारी गुडघ्यांवर बसवून. ते बरे झाले नाहीत. ते आभार नंतर कोणी परत घेतले नाहीत. ते तसेच कुठेतरी लोंबकळत राहिले. अंत्यविधीच्या वेळी तेव्हाचे पाळक म्हणाले की या बापाने आपल्या मुलांसाठी स्वतःला ओतलं. कारखान्याचा साहेबही आला होता, हातात फुलं घेऊन, आणि तो मोठ्या गांभीर्याने मान डोलावत होता. का नाही डोलावणार? त्याची सुटका झाली ना. मी एकोणीस वर्षांची होते. मला ओरडावंसं वाटलं होतं की माझ्या बापाने स्वतःला ओतलं नाही हो, त्याला सांडलं! कोणीतरी निष्काळजीपणे धक्का मारून सांडलं, आणि आता तुम्ही त्या ओलीवर बलिदानाची चादर घालताय. पण ओरडले नाही. आईचा हात माझ्या दंडावर होता, घट्ट. त्याच महिन्यात आईने मला सांगितलं की कवळ्या बनवणाऱ्या एका ओळखीच्यांकडे तिने माझ्यासाठी बोलून ठेवलंय. बोलून ठेवलंय. कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं माझं. पुढच्या रविवारी पाळकांनी आभार मानले की या मुलीने धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी स्वतःच्या शिक्षणाचा त्याग केला. तेव्हा मला ऐकून छान वाटलं होतं, छाती भरून आली होती. आई लोकांना सांगायची, "माझी पोर म्हणजे गरीब गाय." गाय म्हटल्यावर मीही खाली मान घालून चालत राहिले.

काम मात्र मला आवडलं, ते कबूल करायलाच हवं. सोमवारी सकाळी कामावर गेले, कोट चढवला, आजोबांच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा पुढे घेतला आणि मेणाची पट्टी गरम करून त्यावर बसवायला लागले. मेणाचा तो किंचित गोडसर वास, पॉलिशच्या मोटरची घरघर, खिडकीखाली चाललेली वाहनं. ज्यांचे दात गेले त्यांना मी दात देते, आणि इतकी वर्षं देते आहे, पण त्यासाठी मला माझा एकही दात उपटून द्यावा लागलेला नाही. मेणात एकेक दात रोवताना माझं डोकं मात्र तापत चाललं होतं. माझा राग देवावर नव्हता. त्याच्या मुलावर तर मुळीच नाही. उलट त्याच्याबद्दल मला जे वाटतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगता येण्यासारखं नाही. लहानपणी तापात पडले असताना तो पलंगाच्या कडेला बसून असतो असं मला वाटायचं, आणि अजूनही कधीकधी तो कडेला बसलेला असतो. माझा राग त्याच्या नावाने माल खपवणाऱ्यांवर होता. त्याचा जीव कोणी त्याच्याकडून हिसकावून घेतला नाही, तो त्याने आपण होऊन दिला, हेच तर आम्हाला शिकवतात ना? त्यावरच सगळं उभं आहे ना? नुसता ओढून नेऊन मारला असता तर त्याला खून म्हटलं असतं, आणि खुनाने आजवर कोणाचं तारण झालेलं नाही. आणि त्यालासुद्धा आदल्या रात्री बागेत वेळ मिळाला होता. जमिनीवर पालथा पडून त्याने बापाला विचारलं होतं की हे टळेल का. घाम फुटला होता त्याला. त्याला नको म्हणायला जागा होती, म्हणून त्याच्या 'हो'ला किंमत आहे. मला कुठे आहे ती बाग? माझी रात्र कुठे आहे? मी नको म्हणण्याआधीच माझ्या नावाने आमेन झालं. रागाच्या भरात मी एक दाढ उलटी रोवली होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "काय हो, आजोबांना गालाच्या बाजूने चावायला लावताय का?" ती उपटून मी नीट बसवली.

संध्याकाळी आईकडे गेले. आई भावाकडेच राहते, पण भाऊ त्या वेळी शाळेतून परतला नव्हता आणि भावजय मुलांना घेऊन बाहेर गेली होती. पाळक मात्र आलेले होते, चहा घेत होते. तरुण आहेत ते, माणूस वाईट नाही. लोकांचे कपाट-पलंग हलवायला स्वतः खांदा देतात. मला बघून ते उभे राहिले, म्हणून मला जास्तच राग आला. "बसा," मी म्हटलं, "मला एकच विचारायचंय. त्याचं पुरेसं झालं की नाही?"

"कोणाचं, ताई?"

"ज्याचं तुम्ही दर रविवारी सांगता त्याचं. बलिदान. पुरेसं झालं की काही कमी पडलं?"

ते जरा गोंधळले. "अर्थातच झालं. एकदाच आणि सगळ्यांसाठी. त्यात आता कोणी काही भर घालू शकत नाही."

"मग माझी काय गरज आहे?"

आई म्हणाली, "काय बोलतेस तू!" पाळकांनी कप खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, "ते आत्म्याचं तारण, ताई. हा शरीराचा प्रश्न आहे."

"म्हणजे आत्म्यांचं त्याने बघितलं, शरीरांचं मी बघायचं? वाटणी छान आहे."

ते हसले नाहीत, ते एक बरं केलं. म्हणाले, "प्रीती सक्तीची नसते. तुम्हाला कोणी सक्ती करणार नाही."

"मग आधी आभार का मानलेत?"

"विश्वासाने मानले."

"माझ्यावर विश्वास ठेवून, की माझ्याऐवजी?"

ते खरोखर विचारात पडले. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मग ते म्हणाले, "मी चुकलो असेन. पण मंडळीसमोर मानलेले आभार परत कसे घेतात ते मला माहीत नाही. तशी काही पद्धतच नाही आमच्यात." मला त्या माणसाची क्षणभर दया आली. एवढं मोठं दुकान मांडलंय आणि माल परत घ्यायची सोयच नाही.

आई मात्र खवळली होती. "कोणी तुला जबरदस्ती केली का? सुरी लावली का मानेला? तो तुझा भाऊ आहे! पाठचा भाऊ! कडेवर घेऊन वाढवलायस त्याला!"

"विचारलंत का मला?"

"घरात विचारायचं काय असतं?" आई म्हणाली, आणि ती इतक्या मनापासून म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता. तिलाही कधी कोणी काही विचारलं नसणार. तिच्या लग्नाबद्दल नाही, पप्पांच्या कारखान्याबद्दल नाही, आमच्याबद्दलही नाही. तिने सगळ्याला त्याग म्हणायचं ठरवलं आणि त्यावर आयुष्य काढलं; नाहीतर तिने ते कशाच्या आधारावर काढायचं होतं? मला तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं आणि तिचा कप भिंतीवर फेकावासाही वाटला. दोन्ही न करता मी चपला घातल्या. "मी गेले असते त्याच्याऐवजी," ती मागून म्हणाली, "माझी घेत असते तर आत्ता दिली असती." ते खरं होतं. तिने दिलीच असती, कोणी विचारायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहायला गेले. मागच्या वर्षीपासून जाते. या वयात शिकले, पोरासोरांबरोबर, नाकातोंडात पाणी जात, सगळ्यांच्या टिंगलीला पुरून उरून. पाण्यात उताणी पडलं की कान पाण्याखाली जातात आणि जगाचा आवाज बंद होतो. तेवढा वेळ मी कोणाची ताई नसते, कोणाची पोर नसते. पोट, मांड्या, पाठ, सगळं आपापल्या वजनाने तरंगत असतं. हे शरीर कोणी मागितलं नाही, कोणी त्यावर प्रेम केलं नाही म्हणा हवं तर, त्याला मूल झालं नाही. पण ते माझं आहे हे मला फार उशिरा कळलं आणि कळून अजून वर्षही झालं नाही. आणि आता याच्या कुशीत चीर पाडायची. खरं कारण ऐकायचंय? मला भीती वाटते. कापण्याची, गुंगीतून न उठण्याची, नंतर अर्धवट वाटण्याची. साधी, लहान मुलासारखी भीती. बाकीचं सगळं तत्त्वज्ञान त्याच्यावरचं. पण घाबरलेल्या माणसाला घाबरायचा तरी हक्क आहे की नाही?

दुपारी इस्पितळात बोलावलं होतं. किडनी देणाऱ्याशी एक डॉक्टर एकांतात बोलतात, तसा नियमच आहे. लहानशी खोली, दोन खुर्च्या, माझ्याच वयाची डॉक्टरीण. चष्मा डोक्यावर सरकवून तिने विचारलं, "घरातून तुमच्यावर दबाव आहे का?" मला हसूच फुटलं. म्हटलं, "देवापर्यंत पोचलाय." तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे बघा, तुम्हाला नको असेल तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की दाता म्हणून तुम्ही योग्य ठरला नाहीत. कारण सांगत नाही. कोणालाही कधीही कळत नाही. पुष्कळजण तसं करतात." क्षणभर माझ्या अंगावरून असं गार वारं गेलं म्हणून सांगू! सुटले. कोणाशी भांडायला नको, आईचं तोंड बघायला नको. आणि मग मला ते सगळं दिसायला लागलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवतेय, पायऱ्यांवरच्या बायका चुकचुकतायत, पाळक पुढच्या रविवारी माझी किडनी सुदृढ झाल्याबद्दल आभार मानतायत. म्हणजे सुटायचं तर माझ्या शरीराने नालायक ठरायचं. इथेही मी गरीब गायच, फक्त आता आजारी. "नको," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. "नाही म्हणायचंच असेल तर ते मी म्हणेन. माझ्या किडनीला मध्ये घालू नका."

"कोणाला म्हणाल?" तिने विचारलं.

"ज्याला हवी आहे त्याला."

"तो खालच्या मजल्यावर आहे," ती म्हणाली. "आज त्याचा दिवस आहे."

खाली मोठ्या खोलीत ओळीने पलंग होते. प्रत्येकाशेजारी कपाटाएवढं मशीन, प्रत्येकाच्या हाताला नळ्या, नळ्यांत फिरणारं लाल. पाखंडी वाटेल, पण त्या रक्ताकडे बघून मला आमची प्रभूच्या रक्ताची सगळी गीतं आठवली आणि वाटलं, ती गाणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बसावं. भाऊ कोपऱ्यातल्या पलंगावर होता. उत्तरपत्रिका तपासायला आणल्या होत्या, पण त्या छातीवर तशाच पडल्या होत्या. मला बघून त्याने मान भिंतीकडे वळवली.

"तोंड का फिरवतोस? मंडळीसारखे आभार मानायला आले नाहीये."

"मी कुठे मानायला सांगितले होते?" तो भिंतीशीच बोलला. "मला घरी आल्यावर कळलं की असं असं ठरलंय. मला कोणी विचारलं तुझी हवी की नको?" मग त्याने मान वळवली. त्याचे डोळे सुजलेले होते, पाण्याने की आजाराने ते कळेना. "तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती, ताई. मी फोन उचलायचो आणि ठेवून द्यायचो. आयुष्यभर तुझंच ओरबाडत आलो असं सगळे म्हणतात, म्हणजे कौतुकाने म्हणतात, तुझ्या. मला ऐकायला कसं वाटत असेल? मी वर्गात गणित शिकवतो तेव्हा मला वाटतं हे हिचं आहे, हिच्या हिश्श्याचं शिकवतोय. आणि आता हेही. दर रविवारी उभं करतील मला. बघा, हा बहिणीमुळे जिवंत."

मी खुर्ची ओढून बसले. इतकी वर्षं मी त्याला न विचारता देत आले होते आणि तो न मागता घेत आला होता, आणि आम्हा दोघांनाही ते कोणीतरी भरवत होतं. मशीन मध्येच टुंक करून वाजलं. परिचारिकेने येऊन एक बटण दाबलं आणि ती गेली.

"मग तुला नकोय का?" मी विचारलं.

त्याने छातीवरच्या उत्तरपत्रिका बाजूला सरकवल्या. "हवीय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. मला जगायचंय गं. पोरं लहान आहेत. आणि पोरं नसती तरी मला जगायचंय. मला तांब्याभर पाणी प्यायचंय एका दमात." त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला, तो लहान असताना पडल्यावर थरथरायचा अगदी तसा. मग त्याने श्वास घेतला आणि माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "ताई, देशील का?"

सत्तेचाळीस वर्षांत मला कोणी असं विचारलेलं नव्हतं. शब्द एवढे साधे होते की मला आधी वाटलं, माझं ऐकण्यातच काहीतरी चुकलं. माझं त्याच्यावर किती प्रेम आहे ते मला त्या क्षणी कळलं. आणि भीती तशीच्या तशी होती, तसूभरही कमी झालेली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

मी वाट बघत होते. त्याने 'का?' म्हणावं, रडावं, पोरांची आठवण द्यावी, म्हणजे मला भांडता आलं असतं. सगळी उत्तरं मी दातांत धरून बसले होते. त्याने डोळे मिटले. त्याच्या कपाळाची शीर उडत होती. मरणाची भीती माणसाच्या चेहऱ्यावरून कशी जाते ते मी तेवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, "बरं." आणि थोड्या वेळाने, "बसतेस ना जरा?"

मी बसले होतेच. तेवढ्यात दारातून आई आली, हातात पिशवी, चालून चालून धापा टाकत. आम्हा दोघांना शेजारी शेजारी बघून तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. भेटली भावंडं, झालं मनासारखं, असं तिला वाटलं असणार. तिने पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटून सुरुवातही केली, "प्रभू, तुझे आभार मानते की..."

"आई, थांब," भाऊ म्हणाला. आवाज क्षीण होता, पण शेजारच्या पलंगावरच्यांनी माना वळवल्या. "मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली."

आईचे हात जोडलेलेच राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला जन्मापासून ठाऊक आहे. त्या नजरेखाली मी कॉलेज सोडलं, त्या नजरेखाली मी गाय झाले. माझी पाठ आपोआप वाकायला लागली. तोंड उघडून मी काहीतरी सांगणार होते, माफी मागणार होते, विचार करते म्हणणार होते, काय वाटेल ते कबूल करणार होते.

"तिच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ," भाऊ म्हणाला. नळ्या लावलेला हात हलवता येत नव्हता, म्हणून त्याने दुसरा हात माझ्या खुर्चीच्या हातावर आडवा टाकला, आईच्या आणि माझ्या मध्ये. "काय बोलायचं ते मला बोल. घरात, मंडळीत, कोणीही, तिला एक शब्द विचारायचा नाही. रडायचं असेल तर माझ्याजवळ रड."

"अरे, पण मग तू?" आई म्हणाली. "तुझं काय?"

"माझं माझ्यापाशी."

आम्हाला दर रविवारी सांगतात की कोणीतरी आपल्या जागी उभं राहिलं, आणि मी दर रविवारी मान डोलावली आहे, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तो उभाही नव्हता. पडलेला होता, सुजलेला, घाबरलेला, आणि हे मिळावं म्हणून मी काहीही केलेलं नव्हतं. आईला बसायला खुर्ची नव्हती. सवयीने मी माझी द्यायला उठायला लागले, तर त्याने मनगट धरून मला खाली बसवलं आणि परिचारिकेला हाक मारून आईसाठी दुसरी मागितली.